चार वर्षांची मुलगी, फाडलेले कागद आणि रोज तेच पुस्तक

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी सव्वाचार वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ज्युनिअर केजीला. घरी आली की वर्तमानपत्रं फाडायचा 'उद्योग' करत बसते, नाहीतर कोपऱ्यात भातुकली मांडून स्वतःशीच बडबडते, आणि रात्री एकाच पुस्तकाचा हट्ट धरते. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा 1 ते 100 लिहितो. शाळेतून लिखाणाची पानं येतात, त्यावरून रोज रडारड. आईबाबा दोघंही नोकरीला, सातच्या आत घरी येणं होत नाही. दिवसभर आजी असतात. दर महिन्याला घरपोच येणारा क्राफ्टचा डबा लावावा का, आणि हिला एका जागी बसवायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

डब्याचं आधी सांगते: लावू नका. अशा बहुतेक डब्यांत सगळं कापून, आखून, भोकं पाडून आलेलं असतं. मुलीने फक्त सांगितलेल्या क्रमाने चिकटवायचं. शेवटी झाकणावरच्या फोटोसारखं घुबड तयार होतं, ते फ्रिजवर लागतं, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो. पण डोळे कुठे लावायचे, पंख केवढे, डिंक किती, एखादा तुकडा फाटला तर काय करायचं, यातलं तिने काहीच ठरवलेलं नसतं. ते कारखान्यात ठरलं.

बालवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणात मी एकच खूण सांगते. कुठलीही कृती घ्या आणि विचारा, यात मुलाने काय ठरवलं? हस्तकला असो, पुस्तक असो की खेळ, तीन ते सहा या वयातलं बरंचसं शिकणं त्या ठरवण्यात असतं. मोठ्यांनी सामान पुरवायचं, सोबत बोलायचं आणि वाट बघायची. खाली जे लिहिलंय ते सगळं यावरूनच आलंय.

आता फाडलेल्या कागदांकडे येऊ. तुम्ही त्याला उद्योग म्हटलंय; मी तिच्याशेजारी पाच मिनिटं नुसतं बसून बघा म्हणेन. कागद दोन्ही हातांच्या चिमटीत धरलेला असतो, अंगठा आणि तर्जनी समोरासमोर. एक हात घट्ट थांबतो, दुसरा स्वतःकडे ओढतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं या वयात सोपं नसतं. पुढची गंमत म्हणजे वर्तमानपत्र वरून खाली फाडलं की सरळ लांब पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं फाटतं. कागद यंत्रातून तयार होताना त्यातले तंतू एका दिशेने बसतात, म्हणून असं होतं. तिला तंतू माहीत नाहीत, पण पट्टी कुठल्या बाजूने सुटते हे तिने एव्हाना शोधलेलं असणार. खात्री करायची असेल तर आडवा कागद तिच्या हातात द्या आणि ती तो फिरवून घेते का बघा.

त्या पट्ट्या गोळा करून ठेवा. थोडा मैदा पाण्यात शिजवून खळ करा, जुन्या वहीचा पुठ्ठा द्या, आणि 'यावर चिकटव' एवढंच म्हणा. फूल कर, घर कर असं सुचवू नका. पहिले काही दिवस ती सगळी खळ एकाच जागी थापेल आणि कागद ओला होऊन फाटेल. फाटू द्या. खळ किती लावायची हे फाटलेला कागदच तिला सांगतो.

लिहिण्याची घाई का नको, याचं थोडं शरीराकडे बघूनही सांगता येतं. जन्माच्या वेळी मनगटातली हाडं बहुतेक कूर्चेची असतात, कानाच्या कडेला लागते तसली लवचिक. ती एकेक करून कठीण होतात. आठवं, वाटाण्याएवढं हाड तर साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान एक्स-रेत दिसू लागतं. हाडं मऊ म्हणून लिहिता येत नाही असा याचा अर्थ नाही, तसं काही लोक सांगतात ते अतीच होतं. पण हात अजून घडतोय एवढं नक्की. याहून महत्त्वाचं म्हणजे रेघांचा क्रम. बघून काढायला सांगितलं तर मुलांना साधारण दोन वर्षांचं असताना उभी रेघ जमते, तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन, पाचच्या सुमारास त्रिकोण. काही महिने इकडेतिकडे. तिरपी रेघ सगळ्यांत उशिरा येते, म्हणून त्रिकोण शेवटी. आता आपला 'अ' डोळ्यांसमोर आणा: एकाखाली एक दोन अर्धगोल, मधून आडवी दांडी, शेजारी उभी रेघ, वर शिरोरेघ. 'क्ष'चं तर बोलायलाच नको. ज्या मुलीला अजून चौकोनाचे कोपरे नीट जुळवता येत नाहीत तिला वहीच्या रेघांत हे कोंबायला सांगितलं तर रडूच येणार.

हात तयार करायला वही लागत नाही. दारामागे किंवा कपाटाला तिच्या खांद्याच्या उंचीवर मोठा कागद चिकटवा. उभ्या कागदावर काढताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्यापासून हात हलतो. लिहिताना मनगट तसंच लागतं. रंगीत खडू मोडले की टाकू नका, उलट मुद्दाम मोडा. बोटभर खडू मुठीत धरता येतो, पेराएवढा तुकडा मात्र तीन बोटांतच धरावा लागतो. पेन्सिल धरायची पद्धत शिकवत बसण्यापेक्षा हे बरं, आणि यात भांडणही होत नाही.

कात्रीला बऱ्याच घरांत बंदी असते. बोथट टोकाची कात्री सव्वाचार वर्षांच्या मुलीला द्यायला हरकत नाही, शेजारी बसून. सुरुवात कागदाने करू नका. कणकेची लांब वळी करून तिचे तुकडे कापू द्या, मग जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या, एका कचक्यात तुटतील अशा. पातळ कागद कात्रीत दुमडतो, म्हणून तो नंतर. सरळ रेघेवर कापणं जमल्यावर वळणं. मूल डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री आणा. साध्या कात्रीत वरचं पातं डाव्या हाताने कापणाऱ्याची रेघ झाकतं, आणि मग सगळे म्हणतात हिला कापताच येत नाही.

आणि आजी घरात आहेत, याचं तुम्ही प्रश्नात अडचण असल्यासारखं लिहिलंय. मला तर ते घबाड वाटतं. कापसाच्या वाती वळताना तळहात आणि बोटं जे करतात ते कुठल्याही महागड्या खेळण्यात नाही: कापूस ओढून सारखा करायचा, बोटाने पीळ द्यायचा, जास्त दाबला तर गाठ, कमी दाबला तर सुटतो. मटार सोलणं, भिजवलेल्या वालाची सालं काढणं, कपड्यांना चिमटे लावणं, ठिपक्यांच्या रांगोळीतले ठिपके टाकणं, हे सगळं त्यांच्या रोजच्या कामात बसतं. आजींना 'अ‍ॅक्टिव्हिटी घ्या' असं सांगू नका, त्या वैतागतील. 'तुमच्याबरोबर तिला बसवा आणि तिने वात वाकडी केली तरी दुरुस्त करू नका' एवढंच सांगा. दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा कठीण जातो, हे अनुभवाने सांगते.

माती हवीच. शाडू गणपतीच्या दिवसांत सगळीकडे मिळते, तेव्हाच दोन-तीन किलो घेऊन ठेवा. एरवी एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून गोळा मळला की तो फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. मळायचं कामही तिचंच. पाणी जास्त झालं की हाताला चिकटतं आणि मग 'आता काय करूया?' असं तुम्ही विचारायचं. सजावटीला बिया वापरत असाल तर एक सक्त ताकीद: लाल-काळ्या गुंजा आणि एरंडाच्या बिया घरात आणू नका. दिसायला देखण्या असतात, चावून पोटात गेल्या तर जिवावर बेततं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर मणी, चिंचोके, कवड्याही वर ठेवा. खेळण्यातल्या बटणासारख्या बॅटरी आणि लहान लोहचुंबक तर कुठल्याच वयाच्या मुलाच्या हाताला लागू नयेत.

चित्र काढून आणलं की आपण विचारतो, 'हे काय काढलंयस?' हा प्रश्न सोडून द्या. कधीकधी तिने काहीच 'काढलेलं' नसतं, हात फिरवून बघितलेला असतो, आणि मग ती तुम्हाला खूश करायला काहीतरी नाव सांगते. 'इथे खूप जोरात दाबलंस, कागद चमकतोय' असं म्हणा. जे दिसतंय ते बोला. या वयात माणसाच्या डोक्यालाच पाय फुटतात, धड नसतं. ते दुरुस्त करायचं नाही. काही महिन्यांत धड येतं, मग पोटावर बटणं येतात, मग पाच-सात-नऊ बोटं.

हस्तकलेचा मोठा वर्ग आपल्याकडे दरवर्षी दिवाळीत भरतो, तो म्हणजे किल्ला. दगड, माती, पोतं, पाणी. माती उभी राहत नाही, घसरते. मग खाली दगड लावावे लागतात. बुरूज केवढा करायचा म्हणजे मावळा त्याच्यापेक्षा उंच दिसणार नाही? तळ्यातलं पाणी जिरतं, मग तळाशी प्लास्टिक घालायचं. हळीव पेरला की दोन-तीन दिवसांत उगवतो, पण कडेला पाणी पोचत नाही म्हणून तिथे टक्कल राहतं. एवढं विज्ञान आणि भूमिती एका गॅलरीत. आता बाजारात तयार किल्ले मिळतात, रंग दिलेले. ते घेऊन अंगणात ठेवणाऱ्या पालकांचा मला मनापासून राग येतो. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर मोठ्या परातीत करा, आणि त्यासाठी दिवाळीची वाट बघायचं कारण नाही.

आता पुस्तक. ती रोज तेच मागते याची काळजी करू नका, तिचं बरोबर आहे. पहिल्यांदा ऐकताना मूल पुढे काय होतं याच्या मागे असतं. ते माहीत झाल्यावर लक्ष मोकळं होतं. मग तिला कोपऱ्यातलं कुत्रं दिसतं, मग 'तो का रडला?' विचारते, मग एखादा न कळलेला शब्द पकडते. तुम्ही एक शब्द बदलून वाचा, ती लगेच थांबवेल. म्हणजे वाक्य तिच्या कानात बसलंय. पुढे वाचायला लागल्यावर अशा ऐकीव वाक्यांचाच आधार होतो.

मात्र वाचण्याची पद्धत बदला. समजा पानावर बाजाराचं चित्र आहे. कोळीण मावशी बसल्यात, समोर टोपली, मागून मांजर येतंय. आपण वाक्य वाचून पान उलटतो. त्याऐवजी असं होऊ दे:

'अगं बाई, हे मांजर कुठे निघालंय?'

'मासे खायला.'

'मासे खायला! आणि मावशी कुठे बघतायत?'

'तिकडे.'

'तिकडे काय आहे?'

इथे थांबा. मनात पाच म्हणा. बहुतेक आईबाबा दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

'पैसे मोजतायत.'

'हं, सुटे पैसे मोजतायत. म्हणून त्यांचं टोपलीकडे...'

'लक्षच नाही!'

यात काय झालं बघा. तिचा दोन शब्दांचा तुकडा तुम्ही उचलला आणि थोडा वाढवून परत दिला. 'सुटे' हा शब्द मध्येच येऊन गेला, त्याचा अर्थ सांगत बसावं लागलं नाही. कार्यकारणाचं वाक्य तिने पूर्ण केलं. आणि मांजराचं पुढे काय झालं असेल हे आता तिचं तिला ठरवायचंय. अशा संवादी वाचनावर अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांनी महिनाभर वाचायची पद्धत अशी बदलली, तेवढ्याने मुलांच्या बोलण्यात चांगलाच फरक पडला. दुसऱ्या गटातली मुलंही पुस्तकं ऐकत होतीच, फक्त नेहमीच्या पद्धतीने.

'हे कुठलं अक्षर?' असं मात्र मध्येच विचारू नका. गोष्टीत परीक्षा आली की मूल पुस्तकापासून लांब सरकतं. अक्षरओळखीसाठी दुसरी वेळ आहे. वाचताना ओळीखालून बोट फिरवलंत तरी पुरे. डावीकडून उजवीकडे जायचं असतं, आणि बोट ज्या काळ्या खुणांवर आहे त्यांचाच आवाज येतोय, हे तिच्या लक्षात येतं.

अक्षरांच्या आधी आवाज यायला हवेत. आपली लिपी अक्षरांची आहे. 'कमळ' म्हणजे क, म, ळ असे तीन ठोके. म्हणून शब्दांना टाळ्या वाजवणं आणि भेंड्या हे वाचनाच्या तयारीचे खेळ आहेत, प्रवासात वेळ घालवायचे नुसते नव्हेत. 'कमळ' आला की पुढच्याने ळ वरून शब्द सांगायचा, आणि तिथेच सगळे अडकतात, कारण ळ ने सुरू होणारा शब्द सुचतच नाही. मग ळ ला ल घ्यायचा असं ठरतं. हा नियम मुलांना स्वतः शोधू द्या, फार खूश होतात. गाडीत, जिन्यात, अंघोळीच्या वेळी हे चालतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पहिली लिखित अक्षरं तिच्या नावाची. 'अ अननसाचा'पासून 'ज्ञ'पर्यंत रांगेत जाण्याची गरज नाही. म, न, क, र, ल आणि काना एवढं ओळखीचं झालं की 'नाक', 'कान', 'काका', 'मामा', 'माला' हे सगळं वाचता येतं. वाचता आलं की पुढच्या अक्षराची भूक लागते. सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं असा डोंगर चढवत राहिलं तर अर्थाचं पहिलं वाक्य हातात यायला फार उशीर होतो.

घरी केलेलं पुस्तक मला विकतच्या पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं. चार कागद दुमडा, मध्ये टाका घाला. चित्र तिने काढायचं, वाक्य तिने सांगायचं, तुम्ही लिहायचं, अगदी ती म्हणेल तसं. 'मी पोहे खाल्ले. त्यात शेंगदाणा होता. तो मी काढला.' व्याकरण सुधारू नका, शेवट गोड करू नका. उद्या ती हे 'वाचून' दाखवेल, पाठ असल्यामुळे का होईना. बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं तसंच्या तसं परत बोलता येतं, हे कळणं वाचनातलं मोठं पाऊल आहे.

शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरचं वाचन मराठीतच ठेवा. ज्या भाषेत ती भांडते आणि स्वप्नं सांगते त्या भाषेत गोष्टीवर वाद घालता येतो. 'का', 'म्हणून', 'नाहीतर' यांनी विचार जोडायची सवय एका भाषेत लागली की दुसरीत उपयोगी पडते. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन आणि प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकं परवडणारी आहेत. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून फुकट वाचायला मिळतात; आवडलेलं छापून घेता येतं.

शेजारच्या मुलाचं कौतुक करा आणि सोडून द्या. 1 ते 100 लिहिणं हे बरंचसं पाठांतर आणि हाताची सवय आहे. संख्या कळली का हे बघायचं तर 'मला सात चमचे आणून दे' असं म्हणायचं. वीसपर्यंत धडाधड म्हणणारी कितीतरी मुलं मूठभर चमचे आणून देतात. त्यांना अजून हे कळलेलं नसतं की मोजताना शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे. ते कळायला ताटं मांडावी लागतात. आज पाच माणसं जेवायला, वाट्या चारच आल्या, मग किती आणायच्या? त्यातून मराठी संख्यानावं अवघड. पंचवीसमध्ये पाच आधी येतात आणि वीस नंतर, एकोणतीस तर तीसच्या दाराशी उभे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा केवढा गहजब झाला होता, आठवत असेल. वादात शिरत नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलांचीही जिथे अडचण होते, तिथे चार वर्षांच्या मुलीला शंभरापर्यंत पळवायची घाई कशाला? दहापर्यंत पक्कं होऊ दे.

त्यासाठी कवड्या आणा. चार-पाच कवड्या टाकायच्या आणि उताण्या किती पडल्या ते न मोजता सांगायचं. तीन-चारपर्यंतचा आकडा डोळा एका नजरेत ओळखतो; पाच आल्या की मूल 'तीन आणि दोन' करतं, आणि तीच तिची पहिली बेरीज. मग फरशीवर खडूने 1 ते 10 घरं एका सरळ रेघेत आखा आणि कवडीच्या दानाप्रमाणे सोंगटी पुढे न्या. सोंगटी चारवर असेल आणि दोन पडले तर 'एक, दोन' न म्हणता 'पाच, सहा' म्हणत पुढे जायचं. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी 2008 मध्ये अशाच सरळ पटावर गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना खेळवलं. पंधरा-वीस मिनिटांच्या मोजक्याच डावांनंतर त्यांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळलेल्या मुलांची तशी वाढली नाही. सापशिडी नंतर. तिथे आकडे एका ओळीत डावीकडे आणि पुढच्या ओळीत उजवीकडे पळतात, लहान मुलांचा गोंधळ होतो.

आजींना काचापाणी येत असेल तर विचारा. बांगड्यांचे तुकडे मुठीत हलवून टाकायचे आणि बाकीचे न हलवता एकेक उचलायचा. श्वास रोखून, जिभेचं टोक बाहेर काढून मुलं हे खेळतात. काचेऐवजी प्लास्टिकच्या बांगड्या घ्या, धार घासून. ज्या मुलीला 'बसवायचं कसं' असा तुमचा प्रश्न आहे ती यात आपणहून बसेल.

भातुकलीत मात्र लुडबुड करू नका. पोळपाटाच्या मोबाईलवर ती आजीशी बोलते, आइस्क्रीमची काडी थर्मामीटर होते. एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करता येणं ही किरकोळ गोष्ट नाही. कागदावरची एक खूण 'म' या आवाजाच्या जागी उभी असते, हे समजायलाही मनाची तीच तयारी लागते. शिवाय डॉक्टर झाल्यावर डॉक्टरसारखंच वागावं लागतं, मध्येच इंजेक्शन सोडून पळता येत नाही. हा संयम 'नीट बस' म्हणून येत नाही. तुम्हाला बोलावलं तर जा, पण गिऱ्हाईक म्हणून. 'भेंडी कशी दिली?' विचारा, घासाघीस करा, सुटे नाहीत म्हणून अडून बसा. 'ही भेंडी कुठल्या रंगाची?' असं विचारलंत की दुकान बंद होतं. खाली अंगणात मुलं जमली तर विषामृत आणि स्टॅच्यू खेळू द्या. पळता पळता एका शब्दावर अंग थांबवायचं, हे वर्गात हात आवरून बसण्याआधीचं शिक्षण आहे.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं भावनगरचं बालमंदिर 1920 चं, ताराबाई मोडकांनी त्यांच्यासोबत नूतन बाल शिक्षण संघ काढला 1926 मध्ये. मॉन्टेसरीची लाकडी साधनं महाग, म्हणून ताराबाईंनी आणि पुढे अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांनाच साधनं केलं. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकवा म्हटलंय. एनसीईआरटीने 2023 मध्ये त्यासाठी 'जादुई पिटारा' नावाचा साहित्यसंच काढला. शाळेशी बोलायला जाल तेव्हा हा मुद्दा हाताशी असू द्या. बाईंवर चढून जाऊ नका, बऱ्याचदा त्याही वरच्यांच्या आणि इतर पालकांच्या दबावाखाली असतात. 'पानावरच्या चार ओळींऐवजी एक ओळ करून पाठवली तर चालेल का, बाकी ती ताटातल्या रव्यात बोटाने गिरवेल' असं विचारा. बहुतेक ठिकाणी चालतं.

तुमची वेळ सातनंतरची. स्वयंपाक होईस्तोवर ओट्याशेजारी तिला कणकेचा गोळा आणि एक खरं काम द्या, जेवणाआधी वाट्या मोजून मांडू द्या, झोपताना तिने निवडलेलं पुस्तक. बास. हस्तकला रविवारी, तीही तिला वाटली तर. फोनवरच्या गोष्टींबद्दल विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची मर्यादा सांगितली आहे, कमी असेल तितकं चांगलं. तुमची मुलगी याच वयोगटात येते, म्हणून तिलाही तीच लावा. आजी एकट्या असताना तो तास कधी कधी वाढतो, त्यावरून घरात महाभारत नको. फक्त जेवताना आणि झोपताना नको.

अक्षरं उलटी काढली, 3 आरशातला दिसला, तर सहा-सात वर्षांपर्यंत काळजी नको. पण चार वर्षं उलटून गेल्यावरही ती वाक्यात बोलत नसेल, परक्या माणसाला तिचं बरंचसं बोलणं कळत नसेल, हाकेला वळत नसेल, लुटुपुटूचं खेळतच नसेल, एकच हात वापरून दुसरा कायम टाळत असेल किंवा आधी येणारी गोष्ट यायची बंद झाली असेल, तर 'येईल हळूहळू' म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र निदान आणि उपचार केंद्रं आहेत, तिथे हे मोफत होतं. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात यातलं काहीच दिसत नाही.